कुत्र्याच्या मापाची खोली

गॅरेजच्या फरशीवर गुडघे टेकून ती गाडीतून गळलेलं हिरवं कूलंट पुसत होती. तेवढ्यात सुतार आत आला आणि तिच्या बोटांवर पाय देता देता थबकला.

“अहो, बघून!”

“सॉरी... मला सांगितलं होतं, इथे कुत्रं राहणार आहे.”

“मग? मी कुत्रं दिसते?”

तो कानापर्यंत लाल झाला. तिला हसू फुटलं.

तिच्या कुत्र्याचं नाव साहेब. पाय तीन, तोरा मात्र सहा पायांचा. वहिनीला त्याच्या केसांनी शिंका यायच्या, म्हणून दादाने गाडी काढून टाकली आणि गॅरेज साहेबाला देऊन टाकलं. दादाचं मन एवढं मोठं कधी झालं, असं तिने विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

कूलंट गोड लागतं, जनावरं चाटतात आणि मरतात, हे तिने सुताराला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्याने उंदराचं औषध, रंगाचे डबे, खिळे, सगळं उंच कपाटात घालून कुलूप लावलं. दाराच्या फटीला रबर ठोकलं. गार फरशीवर फळ्या बसवल्या. शाळेच्या ऑफिसातलं काम संपलं की ती तडक गॅरेज गाठू लागली.

“खिडकी एवढी वर? साहेब काय स्टुलावर चढणार?”

“मालकीण येईल की भेटायला.”

“रोज?”

“मी इथे असेन तर... रोज,” तो म्हणाला.

तिच्या गालावर भुसा उडाला होता. त्याने हात लावला नाही, हलकेच फुंकर घातली. छत्तिसाव्या वर्षी तिने त्या दिवशी रात्रीपर्यंत तोंड धुतलं नाही. हसायचं तर हसा.

काम संपलं त्या दिवशी वहिनी पडदे घेऊन आली.

“वन्सं, तुमचा पलंग इथे छान मावेल.”

“माझा?”

“तुम्हाला तरी साहेबाशिवाय कुठे करमतंय? तुमची खोली आमच्या पिंट्याच्या अभ्यासाला होईल.”

दादा छताकडे बघत राहिला.

ती सुताराकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी संध्याकाळी कळलं. खिडकीला माप तुमच्याच उंचीचं दिलं होतं त्यांनी. म्हणून तर जीव ओतला... म्हटलं, तुम्हाला थंडी वाजू नये.”

“एक शब्द बोलला असतात तर मी वरच्या खोलीत पाय रोवून बसले असते.”

“काम गेलं असतं. आणि रोज तुम्ही येत होतात...” त्याने हातोडी खाली ठेवली. “माझ्याकडे या ना. दोन खोल्या आहेत. मला तुम्ही फार आवडता हो.”

हेच शब्द काल आले असते, तर ती अनवाणी गेली असती.

“इकडूनही मला हलवायचं, तिकडूनही हलवायचं,” ती म्हणाली. “मला विचारायचं तेवढं राहिलं. तुम्ही वाईट माणूस नाही. असता तर बरं झालं असतं, आज रडायला आलं नसतं.”

तिने साहेबाला कडेवर उचललं, दादा-वहिनीच्या मधून वाट काढली आणि जिना चढून आपल्या खोलीत गेली.

सुतार खाली उभा राहिला. तिने हाक मारली नाही.