क्लच नसलेली गाडी

सात रस्त्याजवळ माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. गाड्यांच्या बाबतीत मला सहसा कोणी गंडवू शकत नाही, म्हणून आधीच सांगतो. मागच्या बोळातल्या शेडमध्ये उभी असलेली माझ्या थोरल्या भावाची, उदयसिंहदादाची गाडी जपानी होती, रॅलीतून रस्त्यावर आलेल्या घराण्यातली, तिसऱ्या पिढीची. चौकोनी दिवे, मागे आडवा पंख, पाच गिअर, पायाशी तीन पेडल. तिचे ब्रेक पॅड मी स्वतः बदललेत.

ह्याच गाडीत मोडनिंबच्या पुढे दादाचा डावा पाय गेला. समोर उसाची ट्रॉली होती, तिला मागे दिवे नव्हते. तेव्हापासून दादा खिडकीशी बसून असायचा. जेव म्हटलं की जेवायचा. गाडी दुरुस्त करून मी झाकून ठेवली. माझ्या भावाने परत एकदा त्या सीटवर बसावं, एवढंच मला हवं होतं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजतो, गाड्याही पुजतो. आईने त्या गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि बॉनेटवर तळवा ठेवला.

"लई सोसलंय माज्या लेकानं," ती गाडीला म्हणाली. "आता त्येला कसलाच तरास देऊ नगंस. त्येच्याकडनं काय बी करून घेऊ नगंस."

मला हसू आलं.

दिवाळीत बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करायला गेलो, तर दिवे निमुळते झाले होते, पुढच्या पिढीच्या गाडीसारखे. संक्रांतीला गिअरच्या मुठीवर सहावा आकडा आला. चासी नंबर मात्र तोच. कोणी गाडी बदलली म्हणावं, तर शेडची किल्ली माझ्याच खिशात. सांगणार कुणाला? कव्हर ओढलं आणि दुकानात येऊन बसलो. मला भीतीही वाटली नाही, कसलंच काही वाटलं नाही.

शिमग्याला डाव्या पायाचं, क्लचचं पेडल नाहीसं झालं. ही शेवटची पिढी, गिअर आपोआप बदलणारी. त्यानंतर कंपनीने ही गाडी बनवणं बंद केलं.

दादाला धरून शेडमध्ये आणलं. तो खाली वाकून बघत राहिला.

"आदिनाथ, हे जमंल की मला."

त्या दिवशी तो करकंबपर्यंत जाऊन आला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत रडलो. मग तो रोज जायला लागला.

पाऊस सुरू झाला तेव्हा एका सकाळी तो म्हणाला, "उजवा पाय सुन्न पडलाय रे."

डॉक्टरांना पायात काही सापडलं नाही.

मी शेड उघडलं. ब्रेक नव्हता. ॲक्सिलरेटर नव्हता. जिथे पेडलं होती तिथे सपाट गालिचा होता, भोक नाही की स्क्रू नाही.

"न्हाय लागत पेडल," दादा शांतपणे म्हणाला. "ती चालती."

गाडी चालू नये म्हणून मी बॅटरी काढून घरी आणली. आईला म्हणालो, तुझं मागणं परत घे.

"लेकासाठी चांगलं मागितल्यालं परत कसं घ्यायचं?" ती म्हणाली. तिला लेक सुखात दिसत होता.

गाडीत आता हातांसाठी स्टिअरिंग तेवढं उरलंय.

रोज सकाळी मी दादाच्या हातांना तेल लावतो. एकेक बोट दाबून विचारतो, "लागतंय का?"

तो व्हय म्हणतो.

काल त्याने आधी माझ्या हाताकडे बघितलं, आणि मग व्हय म्हणाला.