सेल्फ मार!

खरं तर ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं मोठ्या काकांनी आम्हा भावंडांना बजावलं होतं, म्हणून इथे वहीत गुपचूप लिहितेय. परवा दिवे गेले तेव्हा त्यांनी ती गच्चीवर सांगितली. त्यांच्या मित्राची, गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींची. मिस्त्री उगाच काहीबाही बोलणारे नाहीत.

त्या मंगळवारी संध्याकाळी मिस्त्री जुन्या पद्धतीच्या इग्निशनचा कंडेन्सर आणायला गेले होते. दुकानदार हसला. "हे आता कोण लावतं? संग्रहालय काढलंस की काय?"

"म्हाताऱ्याची हौस," मिस्त्री म्हणाले.

म्हातारा म्हणजे एक उंचापुरा फोटोग्राफर. त्याच्याकडे दोन सीटची जुनी, लाल स्पोर्ट्स कार होती. तिचं मूळचं इग्निशन काढून मिस्त्रींनीच कधीकाळी इलेक्ट्रॉनिक बसवलं होतं. "मिटली कटकट," असं ऐटीत म्हणालेही होते. फोटोग्राफरनं मात्र त्यानंतर गाडी चालवायचंच सोडलं. आता तो दवाखान्यात होता, आणि ती पहिल्यासारखी सुरू झालेली त्याला एकदाच ऐकायची होती. "उद्या सकाळी खिडकीखाली आणतो," असा शब्द मिस्त्री देऊन आले होते. डॉक्टर मात्र सकाळची खात्री देत नव्हते.

जुनं इग्निशन परत बसवता बसवता रात्रीचा एक वाजला. दीड वाजला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट मोजून मोजून झाली. ठिणगी कधी पडे, कधी नाही. मिस्त्री शेडमध्ये येरझाऱ्या घालत, पुन्हा येऊन वाकत. जीव थाऱ्यावर नव्हता. दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि उघड्या बॉनेटमागूनच ओरडले, "मार गं सेल्फ!"

सेल्फ लागला. इंजिन खोकलं, अडखळलं... आणि धरलं.

"शाब्बास! आता थोडा ॲक्सिलेटर दे."

दिला.

हे काम नेहमी त्यांची बायको करायची. सीटवर ती, बॉनेटमागे हे. एकमेकांचं तोंड दिसत नसे.

पण ती तर आदल्या सकाळीच बहिणीकडे गेली होती.

मिस्त्रींचा हात होता तिथेच राहिला.

फोन वाजला. फोटोग्राफरची मुलगी. "काका, आता घाई करू नका. बाबा... दोन वाजता..."

मागे इंजिन चालूच होतं.

"काका... तो आवाज गाडीचा?"

"हो."

दोघंही ऐकत राहिले.

मग किल्ली फिरली. इंजिन थांबलं.

दार उघडलं. हलकेच लागलं.

मिस्त्रींनी बॉनेट खाली केलं. सीटवर कोणी नव्हतं. पण सीट पार मागे सरकलेली... उंच माणसाला पाय पसरता यावेत इतकी. सीट सरकवायचा खटका, ती बायकोसाठी पुढे ओढलेली असतानाच, गंजून कधीचा घट्ट बसला होता. म्हणून मिस्त्री स्वतः त्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन बसायचे.

मला खात्री करायची होती. काल शाळेतून येताना मी शेडमध्ये डोकावले. सीट अजून तशीच आहे. बसून पाहिलं, तर पाय पॅडलपर्यंत पोचेनात. उठताना खटक्याला हात लागला. गार लोखंड असेल असं वाटलं होतं, पण तो कुणीतरी आत्ताच सोडल्यासारखा उबदार... आले गं आई, एवढं एकच वाक्य