उपाशी तळे

डॉ. शर्वाणी किणीकरने नमुना पुन्हा तपासला. तळ्यातून नदीकडे जाणाऱ्या पाण्यात शिसे होते, मर्यादेच्या कितीतरी पट.

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर देवसारे शहराचे पाऊसतळे पसरले होते. रस्त्यांवरून वाहून आलेले पावसाचे पाणी आधी इथे थांबे, गाळ तळाशी बसे आणि निवळलेले पाणी वाघी नदीला मिळे. गाळात शर्वाणीने स्वतः घडवलेले जिवाणू सोडले होते. रस्त्यावरचे तेल खाऊन ते जगत आणि पाण्यातले शिसे आपल्या कवचांत बांधून ठेवत.

"येणारं पाणी इतकं स्वच्छ कधीच नव्हतं, मॅडम," तळ्याचे अभियंते फिरोज तांबोळी म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांवर बंदी आली, तेव्हापासून तेलाचा थेंब नाही."

"म्हणूनच. त्यांचं अन्नच संपलं. ते उपासमारीनं मरताहेत आणि कवचं विरघळताहेत. इतक्या वर्षांत साठवलेलं शिसं पाण्यात परत येतंय."

"मग नदीकडचं दार बंद करतो."

"या पावसात? बांध फुटेल. गाळासकट सगळं नदीत जाईल."

"तेल ओतलं तर?"

"कुणासाठी? जिवंत उरलेत मूठभर."

फिरोजनी तपासणीची नोंदवही उघडली. "शिशाची तपासणी आपण वर्षातून एकदाच करतो. म्हणजे हे..."

"गाड्या बंद झाल्यापासून चाललंय."

त्या बंदीसाठी सर्वांत जास्त भांडली होती ती शर्वाणीच.

नदीच्या खालच्या अंगाला, बोरखेडीत, तिची आत्या राहत असे. शर्वाणीने तिला फोन लावला.

"आत्या, नळाचं पाणी पिऊ नका. कुणीच नको. नदीत शिसं उतरलंय."

"अगं बाई! पण आम्ही उकळून घेतो हो. नातवाला जन्मल्यापासून वरचंच दूध आहे ना, त्यात घालायचं पाणी तर मी अर्धं आटेपर्यंत उकळते."

उकळताना पाणी उडून जाते, शिसे भांड्यातच राहते. अर्ध्या पाण्यात तेवढेच शिसे, म्हणजे दर घोटात दुप्पट.

"शरू? ऐकू येतंय ना?"

"आत्या," ती म्हणाली, "बाळ केवढं झालं गं?"

"आठवा महिना लागला. पण अजून मान धरत नाही बघ. आळशी आहे नुसता."