बारीक आकडे

आमच्या खोलीत दोन टेबलं होती. दाराजवळचं माझं, खिडकीजवळचं आक्काचं. मध्ये पत्र्याचं कपाट. आक्का वयानं मोठी, म्हणून सगळा विभाग तिला आक्काच म्हणायचा. सर सोडून. सर विभागप्रमुख, ते तिला नुसतं 'बाई' म्हणायचे.

तिचं काम मॅट्रिक्सचं, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी मांडण्यांचं. त्या गणितात सुरुवातीला जागा नसते, अंतर नसतं. कर्णावरचे आकडे म्हणजे बिंदू, आणि कर्णाबाहेरचे बारीक आकडे त्या बिंदूंना एकमेकांशी बांधून ठेवतात. त्या बांधणीतून जागा तयार होते. निदान कागदावर तरी. आक्कानं उभी हयात त्यात घातली होती.

परिषद जवळ आली, तेव्हा सरांना स्वच्छ चित्र हवं होतं. ते बारीक आकडे शून्य करून टाका, म्हणाले. आक्कानं साफ नकार दिला; ते काढले तर सगळं तुटेल, म्हणाली. सरांनी वाद घातला नाही. ती जेवायला गेल्यावर तिच्याच संगणकावर बसून त्यांनी ते स्वतः पुसले. मी अडवायला गेले, तर हातानंच गप्प बस म्हणाले. आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकाला जाते.

आक्का आली, खुर्चीत बसली, पडद्याकडे बघत राहिली. मी चहा घेऊन तिच्याकडे निघाले. कपाट ओलांडलं. चालत राहिले. चहा गार झाला, तरी ती तेवढीच लांब. घाबरून मागे वळले, तर दार हाताशीच.

सुताराला बोलावून टेप लावला. खोली होती तेवढीच भरली. टेपचं टोक खिडकीला टेकलं होतं. आक्का त्याच्याही पलीकडे, नखाएवढी दिसत होती. सुतार माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी तडक सरांकडे गेले. ते आकडे परत घाला, म्हटलं.

"पुसले ते पुसले," ते भाषणाचे कागद चाळत म्हणाले. "आधी काय होतं ते आता कुठून आणू?"

मी फोन केल्यावर आक्काची मुलगी धावत आली. मी तिला दारातच धरून ठेवलं.

"आई, घरी चल ना."

आक्कानं मान वर केली नाही. आवाज पोचलाच नसावा.

उन्हं कलली, तेव्हा खुर्ची रिकामी दिसत होती.

बाई न सांगता नोकरी सोडून गेल्या, असं सरांनी वर कळवलं. लेखावर नाव त्यांचं एकट्याचं. परिषदेत टाळ्या झाल्या. मी भर सभेत उठून जाब विचारला, तर मलाच विश्रांतीची गरज आहे असं ठरलं. माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर गेलं.

ती खोली आता एका नव्या प्राध्यापकांना मिळाली आहे. भला माणूस. परवा जिन्यात भेटले. खोली छान आहे म्हणाले, फक्त दुपारी खिडकीकडून कुणी बाई बोलल्यासारखं वाटतं.

काय म्हणते, मी विचारलं.

ते जरा ओशाळले.

"विशेष काही नाही. 'आले हं बाळ,' एवढंच."