बशीतला गोटा

रुपराव भोयर हवामान कचेरीत निरीक्षक होते. ठरलेल्या वेळी आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि अंदाज दुसऱ्यांवर सोडायचा, अशी त्यांची नोकरी होती आणि स्वभावही तसाच. वाडीला, अमरावती रस्त्यावरच्या लाकडाच्या गोदामामागे ते भाड्याने राहत. १९७६च्या एप्रिलात गोदामाचा मुकादम ताराचंद एका दुपारी डालड्याचा डबा घेऊन दारात उभा राहिला.

"चांद्याच्या सागातून निघाला, साहेब. मारूनच टाकत होतो. मंग म्हटलं, तुमाले दाखवू."

डब्यात तळहाताएवढा केसाळ कोळी होता. रुपरावांनी वाचनालयातून पुस्तक आणलं, त्यात टॅरंटुलाचं प्रकरण काढलं आणि त्याला ठेवून घ्यायचं ठरवलं.

पेटी त्यांनी स्वतः बांधली. तसबिरींच्या दुकानातून काच आणली. दीड फूट लांब, एक फूट रुंद. वरचं झाकणही काचेचंच, खाचेतून सरकणारं, त्यावर वजन. तळाला चार बोटं माती आणि नारळाचा काथ्या. लपायला सालीचा तुकडा. तीन बाजूंना काळा कागद, कारण उजेड एकाच बाजूने हवा. आत घड्याळासारखा आर्द्रतामापक. बाहेर हवेत पंधरा टक्के ओल होती; पेटीत पंचाहत्तर हवी होती. शेवटी एक बशी आणि त्यात कन्हान नदीतला चपटा पांढरा गोटा, घासून धुतलेला.

"पाण्यात गोटा कशाले?" त्यांच्या बायकोने, प्रेमलताने विचारलं.

"किड्यासाठी. कोळ्याले खायले टाकलेला किडा पाण्यात बुडून मरू नये म्हणून. मेलेलं तो खात नाही."

प्रेमलताने पोटावरचा पदर सारखा केला. तिला सातवा लागला होता. आधीची दोन राहिली नव्हती.

किडे ताराचंद आणून द्यायचा, काडेपेटीत. एकदा म्हणाला, "आज अंड्यावरची मादी आहे, साहेब. तिच्यात ताकद राहते."

"ते टाकू नका," प्रेमलता आतून म्हणाली.

"अवं, किडाच तं आहे," म्हणत रुपरावांनी काडेपेटी पेटीत उघडली. मादी काचेला पाठ लावून, न हलता कोपऱ्याकडे तोंड करून बसली. मग बशीतल्या गोट्यावर चढून पाणी प्यायली. सकाळी ती नव्हती.

मे लागला तसा कोळ्याने खाणं सोडलं. कात टाकायची खूण होती ती. आता दिवसातून दोनदा ओल पाहायला हवी होती.

"मले सावनेरले नेऊन द्या," प्रेमलता म्हणाली. "माय वाट पाहून राहिली."

"थांब वं चार दिवस. कात टाकू दे त्याले."

"त्याच्यासाठी इतकं करता. माह्यासाठी चार दिवस नाही तुमच्याजवळ?"

रुपराव हसले. रजेचा अर्ज मात्र त्याच दिवशी दिला. रजा शुक्रवार, एकवीस तारखेपासून मंजूर झाली.

चौदा तारखेच्या शुक्रवारी कोळ्याने कात टाकली. पेटीत ती आख्खी पडली होती, आठही पाय हातमोज्याच्या बोटांसारखे पोकळ. कोळी नव्हता. झाकण खाचेत होतं, वजन जागेवर होतं. त्यांनी माती उपसली. खाटा उलटवल्या, ट्रंका सरकवल्या, छपराच्या कवेलूंखालचे वासे विजेरीने पाहिले. प्रेमलताला उंदीर शोधतो म्हणून सांगितलं.

पुस्तकात लिहिलं होतं: कात टाकल्यावर त्याचे सुळे मऊ असतात. सात दिवस काही देऊ नये. त्यानंतर तो फार भुकेला असतो.

आर्द्रतामापक त्यांनी खोलीत खिळ्याला अडकवला. शनिवारी बावीस. सोमवारी एकोणपन्नास. बुधवारी पंचाहत्तर. घरात कूलर नव्हता, वाळ्याचा पडदा नव्हता. कचेरीतून दुसरा मापक आणला. त्यावरही पंचाहत्तर. अंगणात बारा.

त्याच आठवड्यात गोदामाचे ओंडके घराच्या मागच्या भिंतीला आणि दोन्ही अंगांना, पार छपरापर्यंत रचले गेले. खोलीत उजेड आता फक्त दारातून येत होता.

"मी नाही लावले," ताराचंद म्हणाला. "हमाल म्हणतात, तुमीच सांगितलं."

"मी काहून सांगीन?"

ताराचंद दोन पावलं मागे सरकला. त्यांच्या दाराशी यायचं त्याने तेव्हापासून बंद केलं.

गुरुवारी प्रेमलता म्हणाली, "मले आता इथं बरं वाटते. सावनेरची घाई नाही." तिच्या हातांवरच्या उन्हाळी भेगा बुजल्या होत्या. ती भिंतीला पाठ लावून, कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती. तासभर तिने मान वळवली नाही.

रुपरावांनी बॅग भरली. चारच्या गाडीने निघायचं, तिने काहीही म्हटलं तरी.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता वाडीत एकही ट्रक चालत नव्हता. सेहेचाळीस अंश. कुत्रीसुद्धा ट्रकांखाली गेली होती. प्रेमलता भिंतीशी बसली होती, पायांत चपला नव्हत्या.

"चल. ऊठ."

"पाणी द्या आधी."

ते माठाकडे वळले आणि थांबले.

वर काहीतरी सरकलं. कवेलूंवर नाही, त्याच्याही वर. काचेवर काच घासत, खाचेतून, सावकाश.

तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पेटीचं झाकण उघडताना महिनाभर ते स्वतःच तो करत आले होते.

खोलीत क्षणभर उजेड वाढला.

प्रेमलताने वर पाहिलं नाही. "पाणी," ती म्हणाली.

त्यांनी माठात पेला घातला. पेला कशावर तरी वाजला. माठ सकाळी त्यांनीच विसळून भरला होता.

त्यांनी बाही वर करून हात घातला. तळाशी एक गोटा होता. चपटा, पांढरा, अगदी बशीतल्यासारखा. फक्त त्यांच्या दोन्ही हातांत मावेल एवढा.

तो घासून धुतलेला होता.