आनंदीबाईंच्या पियानोतली तार

लालबागच्या चाळीत लाईट गेली म्हणून वरद आणि सम्यक गॅलरीत येऊन बसले होते, आणि जयवंतकाकांना गोष्ट सांगायला तेवढं निमित्त पुरतं. काका म्हणाले, वरळीचा बुधाजी माहितीये ना, पियानोचे सूर लावतो तो? त्याच्याबाबतीत घडलंय. दोन हजार तेवीस, तेरा डिसेंबर, बुधवार. रात्रीचे पावणेदहा.

काम साधंच होतं. गिरगावातल्या आनंदीबाई श्रावणात गेल्या. त्यांचा पियानो सकाळी एका शाळेला द्यायचा होता. नात मेघनाने बुधाजीला बोलावलं, एकच सूर बिघडलाय, तेवढा लावून द्या म्हणाली. त्याला घरात बसवलं आणि टेम्पोवाल्याशी बोलायला खाली गेली.

बुधाजीने झाकण लगेच उघडलं नाही. तो बिघडलेला सूर त्याच्या ओळखीचा होता.

त्याचं असंय. पियानोच्या तारा आत एका लाकडी पट्टीवर टेकतात, तिला घोडी म्हणायचं. तार घोडीवर नीट टेकली नाही, बाजूच्या खिळ्यावर चढून राहिली, की एका तारेतून दोन आवाज निघतात. थरथरतात, जुळत नाहीत. मग पितळी कांडी तारेवर ठेवायची आणि हलकेच टक. बसते तार. पण हलकेच हां. मार्चमध्ये ह्याच पियानोची तार बुधाजीने घाईत ठोकली. बायकोचा, म्हणजे आपल्या चंपावहिनीचा, फोन आलेला, बोंबील तळायला घेतलेत म्हणून. घोडीला तडा गेला. ह्याने त्यात गुपचूप गोंद भरला आणि आनंदीबाईंना सांगितलं, लाकूड म्हातारं झालंय बाई, हा सूर आता लागणार नाही.

बाई रोज संध्याकाळी एकच चाल वाजवायच्या. हा सूर त्या चालीच्या बरोबर मधोमध. त्यांनी झाकण लावलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. हे मेघनाने जिना चढताना सहज सांगितलं होतं. बुधाजीला उरलेला जिना चढवेना.

तरी त्याने झाकण उघडलं. त्या सुराची पट्टी बोटाने दाबली. दोन आवाज. थरथरत विरले.

"लाकूड म्हातारं," तो सवयीने पुटपुटला.

सूर परत वाजला.

बुधाजीचे दोन्ही हात खिशात होते.

सम्यकने पाय वर घेतले. काका थांबले नाहीत.

बुधाजी म्हणाला, तडा आधीचाच होता. सूर वाजला. दोन आवाज. म्हणाला, गिरगावची हवा दमट. वाजला. म्हणाला, थोडा माझाही हात...

थांबला.

थोडा?

वाजला. जोरात.

"मी ठोकली, बाई," बुधाजी म्हणाला. "बोंबील गार होतील म्हणून."

मग... काहीच नाही. रस्ताही गप्प. त्या सुराची पट्टी आपोआप खाली गेली. सावकाश. म्हाताऱ्या बोटाने दाबावी तशी. एकच आवाज आला. स्वच्छ. बुधाजीने आत टॉर्च मारला. तडा होता तिथेच होता.

दारात मेघना उभी होती. डोळे भरलेले. "तुम्ही आजीला म्हणालात, हा लागणारच नाही. मग आज कसा लागला?"

बघा. पियानोला सांगितलं, तेच हिला सांगायचं होतं. बुधाजीने तोंड उघडलं.

म्हणाला, हवा बदलली.

मेघना त्याच्या पाठीमागे बघायला लागली. दुसरं कोण बोललं, ते.

वरद म्हणाला, काका, फेकताय. काकांनी वाद घातला नाही. वहिनी गावाला गेलीये, एकटाच असेल, म्हणत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय रे बुधाजी, बरायस ना?"

स्पीकर खरखरला. मग...

"मजेत."

दोन आवाज. एक जरासा खाली. थरथरत विरले.