सावळ्या डोंगरातली दुसरी हाक

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी खुशाल खोटं समजावं. पण ज्या माणसावर हे गुदरलं, त्या सूर्यभानरावांनी मरेपर्यंत यातला एक शब्द बदलला नाही.

आणि आधीच सांगितलेलं बरं... ही गोष्ट मध्यरात्रीची नाही.

भर दिवसाची आहे.

निजामाचं राज होतं. रझाकारांचा गलबला सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीचा काळ. जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना आत डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. वाडीच्या डोक्यावर सावळ्याचा डोंगर. दिसायला बुटका, पण आत दऱ्याच दऱ्या. पावसाळ्यात ढग खाली उतरले की समोरचा माणूस दिसत नसे.

गुराखी हरवायचे. मोळीवाल्या बायका वाट चुकायच्या. जिंतूरच्या ठाण्यात निरोप पोचेपर्यंत माणूस संपून जायचा. म्हणून वाडीतल्या काही गड्यांनी हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं. लोक त्यांना 'हाकेवाले' म्हणत.

सूर्यभान त्यांचा म्होरक्या. चाळिशीचा, उंचापुरा, कमी बोलणारा. अंधश्रद्धाळू तर मुळीच नाही.

त्यांची रीत साधी होती. एकमेकांचा आवाज पोचेल इतक्या अंतरावर पांगायचं आणि हाका देत दरी विंचरून काढायची. नियम एकच. हाकेला ओ आली की तिथं जायचं. कुणाचीही असो, कितीही अवघड जागा असो.

भाद्रपद लागला होता. पोळा नुकताच झालेला. धुरपताबाई सकाळीच सूर्यभानच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिचा नवरा मुंजाजी चुकलेली म्हैस हुडकायला डोंगरात गेला होता आणि दोन राती उलटल्या तरी परतला नव्हता. बाई रडत नव्हती. नुसती उभी होती.

सूर्यभानने घोंगडी घेतली, जाड दोराचा सोल खांद्यावर टाकला आणि गड्यांना गोळा केलं. त्यात सुग्रीव होता, सूर्यभानचा जिवाभावाचा सोबती. किशनराव होता, अंगाने दांडगा, पण जरा घाबरट. आणखी दोघं होते.

वर पोचले तेव्हा डोंगर ढगात बुडाला होता. झाडांवरून पाणी ठिबकत होतं.

एरवी डोंगरात मोर ओरडतात, टिटव्या ओरडतात.

त्या दिवशी... काहीच नाही.

दुपारपर्यंत ते हाका देत फिरले. शेवटी उगवतीकडच्या दरीच्या तोंडाशी सूर्यभान ओरडला,

"मुंजाजी... कुटं हायस?"

थोडा वेळ गेला.

मग खालून आवाज आला.

"हितं हाय..."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. सोल बांधून सूर्यभान आणि सुग्रीव खाली उतरले. एका पालथ्या खडकाखाली मुंजाजी बसला होता. पाय पसरून, हात मांडीवर ठेवून. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

सुग्रीवने त्याला मिठीच मारली. मग एकदम मागे सरला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "ह्याचं धोतर कोरडं हाय."

सूर्यभानने हात लावून पाहिलं. खरंच कोरडं. दोन दिवस पाऊस, वर हे ढग. यांच्या स्वतःच्या अंगावरून पाणी निथळत होतं. खडकाखाली बसला म्हणून कोरडा राहिला असेल, असं त्याने मनाला समजावलं.

त्याने मुंजाजीला विचारलं, पाय मोडला का?

"पाय मोडला," मुंजाजी म्हणाला.

पायाला सूज नव्हती. खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

सुग्रीवने विचारलं, म्हैस गावली का?

"म्हैस गावली."

म्हैस कुठंच नव्हती.

सूर्यभानने पाण्याचा भोपळा पुढे केला. दोन दिवसांचा तहानलेला माणूस भोपळ्यावर तुटून पडतो. मुंजाजीने तो हातात घेतला, त्याच्याकडे बघत राहिला आणि तसाच परत दिला.

सूर्यभानच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण माणूस सापडला होता. चेहरा तोच, कपाळावरचा लहानपणीचा व्रण तोच. पायात त्याच्याच वहाणा. उजव्या वहाणेचा अंगठा तुटला म्हणून मुंजाजीने तो पितळी तारेने शिवला होता. अख्ख्या वाडीत तशी दुसरी वहाण नव्हती. मग शंका घ्यायची तरी कशाची?

त्यांनी त्याला वर घेतलं. दोन काठ्यांना घोंगडी बांधून झोळी केली, त्याला त्यात निजवलं आणि उतरायला लागले.

झोळी हलकी होती.

फार हलकी...

 सूर्यभानच्या लक्षात आलं, झोळी धरणारे चौघंही मान वळवून दुसरीकडे बघत होते.

अर्धा उतार संपला असेल.

मागून हाक आली.

"सूर्यभान दादा..."

सगळे जागच्या जागी थिजले.

आवाज मावळतीकडच्या दरीतून येत होता. बसलेला, घोगरा. दोन दिवस ओरडून ओरडून घसा फाटलेल्या माणसाचा.

"दादा... मी मुंजाजी... कपारीत पाय अडकलाय... पाणी द्या..."

सूर्यभानने झोळीकडे पाहिलं.

झोळीतला मुंजाजी डोळे उघडे ठेवून वर बघत होता. सापडल्यापासून तो विचारलेलंच परत बोलत होता. आता पहिल्यांदा तो आपणहून बोलला.

"जाऊ नका."

किशनरावने झोळीची काठी खाली टेकवली. तो म्हणाला, हा चकवा आहे. डोंगर माणसाच्या आवाजात बोलावतो, हे त्याने आज्याकडून ऐकलं होतं. मागं वळायचं नाही.

"आन् चकवा झोळीत असला तर?" सूर्यभान म्हणाला.



सूर्यभान दरीकडे निघाला, तसा किशनराव आडवा आला. ढग दाट होत होते. दिवस कलला होता. एक माणूस हाताशी असताना आवाजामागे धावून सगळ्यांचा जीव घालवायचा का, हे त्याचं म्हणणं चूक नव्हतं. बाकीचे दोघं त्याच्या बाजूने झाले. सुग्रीव मावळतीच्या दरीकडे बघत उभा राहिला.

पुन्हा आवाज आला. आता तो रडत होता.

"दादा... तुमी ऐकायलाव ना?"

सूर्यभानराव सांगायचे, आयुष्यात तेवढा एक क्षण मला परत मिळाला असता तर...

त्या क्षणी सूर्यभानने ओरडून सांगितलं, "दम धर! ह्याला पोचवून येतो!"

आणि सगळे झोळी घेऊन खाली उतरले.

हाक बराच वेळ मागून येत राहिली. मग बंद झाली.

वाडीत दिवे लागले होते. अख्खं गाव गोळा झालं. कुणी हळद आणली, कुणी दूध आणलं. बायकांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मुंजाजी झोळीतून उतरला आणि आपल्या पायांनी चालत घरात गेला.

धुरपताबाई मात्र दारातून हलली नाही. सगळे पांगल्यावर ती सूर्यभानजवळ आली. नवऱ्याला ती कायम 'हे' म्हणायची. कधी नाव घ्यायची नाही, कधी एकेरी बोलायची नाही.

त्या संध्याकाळी तिने विचारलं, "दादा, ह्यो कुटं गावला तुमाला?"



सूर्यभानला तेव्हाच परत वर जायचं होतं. कुणी सोबत येईना. ढगात, अंधारात एकट्याने त्या दरीत उतरणं म्हणजे मरणच. फटफटताच तो आणि सुग्रीव निघाले.

मावळतीच्या दरीत ढग नव्हते. लख्ख ऊन पडलं होतं. हाका दिल्या. ओ आली नाही.

कपार सापडली.

कड्याला उभी चीर होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर नखांचे ओरखडे होते. वाळलेलं रक्त होतं. माणूस नव्हता. फरपटल्याची खूण नव्हती, खाली काही पडलेलंही नव्हतं.

सुग्रीवने चिरेत हात घातला आणि आत रुतलेली एक वस्तू ओढून काढली.

उजव्या पायाची वहाण.

अंगठा पितळी तारेने शिवलेला.

दोघांनी ती आलटून पालटून हातात घेऊन पाहिली. शेवटी सुग्रीव म्हणाला, गावात हे सांगायचं नाही. सूर्यभानने ती वहाण तिथंच दगडांखाली पुरली. परतताना ते मुंजाजीच्या घरावरून आले. तो ओसरीवर बसला होता. उंबऱ्यापाशी त्याच्या दोन्ही वहाणा नीट मांडून ठेवल्या होत्या.

उजवीला पितळी तार होती.

धुरपताबाई आठवडाभरात माहेरी निघून गेली. का गेली, तिने सांगितलं नाही. गावाने तिलाच नावं ठेवली. मुंजाजी शेतात राबायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चांगला माणूस, असं सगळे म्हणायचे.

दिवाळीनंतर एक दिवस तो सूर्यभानच्या अंगणात आला. खांद्यावर नवा सोल होता.

"मला हाकेवाल्यांत घ्या," तो म्हणाला. "मला सगळ्या दऱ्या ठाव्या हायत."

सूर्यभानने त्याला सांगितलं की त्याने स्वतः ते काम सोडलं आहे. मुंजाजी हसला आणि किशनरावच्या घराकडे गेला.

पुढच्या पावसाळ्यात किशनरावचाच धाकटा भाऊ भुजंग डोंगरात हरवला. सूर्यभानने किशनरावला गाठून वहाणेची सगळी हकीकत सांगितली, हात जोडले. भावासाठी वेडापिसा झालेला माणूस कुणाचं ऐकणार? हाकेवाले डोंगराकडे निघाले, तेव्हा सगळ्यांच्या पुढे मुंजाजी चालत होता.

दुपारी डोंगरावरून आरोळी आली.

"गावला... गावला..."

वाडीत आनंदीआनंद झाला. पोरं वेशीकडे पळाली. सूर्यभान एकटा ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. कान डोंगराकडे लावून. त्या आरोळीच्या मागून आणखी एखादी हाक येतेय का, ते ऐकत.

त्याच आठवड्यात सूर्यभानरावांनी जमीन वाट्याने दिली आणि बायकापोरांसह गंगाखेडला गेले. तिथं नदी आहे, पण डोंगर नाही.

त्या दुपारी त्यांना काय ऐकू आलं, हे आम्ही गंगाखेडच्या पोरांनी त्यांना किती वेळा विचारलं असेल.

प्रत्येक वेळी ते उठून आत जायचे.